‘एन्‌रोल’ : पटावरील नावाची कथा
(धुळे येथे बौद्ध कुटुंबांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानासाठी मी एक इंग्रजी क्रियापद निवडले आहे. धम्माच्या मेळाव्यात इंग्रजी व्याकरणाचे काय काम, असे आपल्यापैकी काहींना वाटेल. परंतु हे क्रियापद आपल्या घरात केव्हाच शिरलेले आहे. मुलगा महाविद्यालयात गेला की ‘एन्‌रोल’ झाला असे आपण म्हणतो. वर्गात त्याला ‘रोल नंबर’ मिळतो. मतदारांच्या यादीला कचेरीत ‘इलेक्टोरल रोल’ म्हणतात. वकील झालेल्या तरुणाचे नाव बार कौन्सिलच्या ‘रोल’वर चढते, आणि रोजगार हमीच्या कामावर गेलेल्या बाईचे नाव ‘मस्टर रोल’वर असेल तरच तिला मजुरी मिळते. जन्मापासून पेन्शनीपर्यंत ज्या शब्दावाचून आपले पाऊल पुढे पडत नाही, त्या शब्दाचा अर्थ काय आणि तो आला कोठून, हे समजून घेणे वावगे ठरू नये. शिवाय हे शहर शब्दांची कुळे शोधणाऱ्याचे आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी मराठी धातूंची आणि नामांची व्युत्पत्ती लावण्यात आयुष्याचा मोठा भाग घालविला. १९२६ च्या अखेरीस याच धुळ्यात त्यांचे निधन झाले आणि पुढील वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ येथे उभे राहिले. राजवाड्यांची समाजविषयक मते आपणांस सर्वस्वी मान्य होण्यासारखी नाहीत, हे मी स्पष्टच सांगतो. परंतु शब्द उकलून पाहण्याची त्यांची चिकाटी घेण्यासारखी आहे.

‘एन्‌रोल’ या शब्दाचे दोन तुकडे पडतात. ‘एन्’ म्हणजे आत, आणि ‘रोल’ म्हणजे गुंडाळी, सुरळी. तेव्हा एन्‌रोल करणे म्हणजे गुंडाळीत घालणे. हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंच भाषेतून चौदाव्या शतकाच्या सुमारास आला. फ्रेंचांनी ‘रोल’ घेतला तो लॅटिनमधील ‘रोटुलस’ या शब्दावरून. रोटुलस म्हणजे लहानसे चाक. मोठ्या चाकाला लॅटिनमध्ये ‘रोटा’ म्हणत. गुंडाळलेल्या कातड्याचा काप बाजूने पाहिला तर तो चाकासारखा दिसतो, म्हणून हे नाव. आणि हा रोटा आपल्याला अगदीच परका नाही. आपल्या भाषेतील ‘रथ’ हा शब्द आणि लॅटिन ‘रोटा’ ही एकाच मुळाची दोन अपत्ये आहेत, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे ज्या चाकाचे चिन्ह आपण घराच्या दारावर लावतो, त्याच चाकाच्या नावावरून शाळेतील ‘रोल नंबर’ निघाला आहे. हा योगायोग आहे, याहून अधिक त्यातून काही काढू नये. इंग्लंडमध्ये हा शब्द एका ‘ल’ने संपतो आणि अमेरिकेत दोन ‘ल’ने. दोन्ही रूपे शुद्ध आहेत. मुलाने एक ‘ल’ लिहिला म्हणून त्याचे गुण कापू नयेत.

आता गुंडाळीच का? कारण इंग्लंडच्या राजाची कचेरी कागदावर चालत नसे, कातड्यावर चाले. मेंढीचे कातडे चुन्यात भिजवून, ताणून, घासून त्याचे चर्मपत्र करीत. एका कातड्यास दुसरे शिवीत आणि त्याची गुंडाळी करून ठेवीत. राजाच्या वसुलीच्या हिशेबांची जी सर्वांत जुनी गुंडाळी आज उपलब्ध आहे ती ११२९-३० या वर्षाची आहे. या गुंडाळ्या ज्याच्या ताब्यात असत तो ‘मास्टर ऑफ द रोल्स’. आज इंग्लंडमध्ये हे एका फार वरिष्ठ न्यायाधीशाचे पद आहे. मुळात तो दप्तरदार होता.

दप्तरदार हा शब्द मी मुद्दाम वापरला. आपली मुले रोज सकाळी पाठीवर दप्तर घेऊन शाळेला जातात. हे ‘दप्तर’ फारसीतून आले आणि त्याचा माग काढीत गेले तर तो ग्रीक भाषेतील ‘डिफ्थेरा’ या शब्दापाशी पोहोचतो. त्याचा अर्थ कमावलेले कातडे. तेव्हा पूर्वेकडील दप्तर काय आणि पश्चिमेकडील रोल काय, दोन्ही कातड्यातून निघाले. ज्या समाजावर मेलेली ढोरे ओढण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या लादण्यात आले आणि त्या कातड्याच्या स्पर्शामुळेच ज्याला अपवित्र ठरविण्यात आले, त्याचे नाव मात्र दप्तरात येऊ द्यायचे नाही, अशी ही व्यवस्था होती. राजाच्या कचेरीत गेले की तेच कातडे पवित्र होत असे काय, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

मराठीत या इंग्रजी क्रियापदाला तंतोतंत जुळणारा शब्दप्रयोग आहे, आणि तो खेड्यातील गुरुजी रोज वापरतात : ‘पटावर घेणे’. ‘पट’ म्हणजे मुळात वस्त्र, कापडाचा तुकडा. कापडावर चित्रे काढीत, लिहीत. त्यावरून पट म्हणजे यादी झाला. इंग्रजांचे नाव कातड्यात गुंडाळले गेले, आपले कापडावर चढले, एवढाच भेद. ‘दाखल’ हा शब्द अरबी आहे. त्याचा अर्थ आत शिरलेला. ‘दाखला’ म्हणजे आत शिरल्याचा पुरावा. ‘हजेरी’ही त्याच वाटेने आली. ‘मस्टर’ हे आपल्याकडे मराठीच होऊन गेले आहे, ते लॅटिनमधील ‘दाखविणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून निघाले : माणसे प्रत्यक्ष उभी करून दाखवायची आणि मोजायची. ‘रजिस्टर’ म्हणजे मागे आणून ठेवलेल्या, टिपून ठेवलेल्या गोष्टी. आणि ज्या ‘मॅट्रिक’साठी आपल्या आईबापांनी पोटाला चिमटा घेतला, त्या शब्दाचा मूळ अर्थही परीक्षा असा नाहीच. लॅटिन ‘मॅट्रिक्युला’ म्हणजे नावांची यादी. विद्यापीठाच्या यादीत नाव घालणे म्हणजे मॅट्रिक्युलेट होणे. बाबासाहेब आंबेडकर १९०७ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. त्या दिवशी एक परीक्षा संपली. परंतु शब्दाच्या खऱ्या अर्थाने ते विद्यापीठाच्या पटावर चढले, आणि त्या पटावर त्यांच्या समाजाची नावे जवळजवळ नव्हतीच.

या यादीला आरंभ कोठून झाला ते पाहू. सातारा येथील सरकारी शाळेच्या, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या, प्रवेशाच्या रजिस्टरात १९१४ क्रमांकावर एक नोंद आहे. तारीख ७ नोव्हेंबर १९००. इयत्ता इंग्रजी पहिली. नाव : भिवा रामजी आंबेडकर. शाळेने हे रजिस्टर जपून ठेवले आहे आणि महाराष्ट्र शासनाने २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा दिवस ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळण्यास सुरुवात केली आहे. आपल्यापैकी पुष्कळांना हे ठाऊक असेल. मला आपले लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे वेधावयाचे आहे. याच शाळेत भिवाला इतर मुलांच्या रांगेत बसता येत नव्हते. बसायला गोणपाटाचा तुकडा घरून न्यावा लागे आणि शाळा सुटली की तो परत आणावा लागे, कारण झाडलोट करणारा नोकर त्याला शिवत नसे. हे बाबासाहेबांनी स्वतः आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. पटावर नाव होते, बसायला मात्र गोणपाट होते. तेव्हा पटावर नाव चढले म्हणजे सर्व झाले, असे समजण्याचे कारण नाही. परंतु नाव चढले नसते तर गोणपाटावर बसण्याचाही प्रश्न आला नसता.

हे मी अतिशयोक्तीने बोलत नाही. त्याच्या ४४ वर्षे आधी, जून १८५६ मध्ये, धारवाड येथील एका महार विद्यार्थ्याने सरकारी शाळेत आपले नाव घालावे म्हणून मुंबई सरकारकडे अर्ज केला होता. सरकारने त्याच वर्षी त्याला नकार दिला. एका मुलासाठी इतर सर्व मुले शाळा सोडतील, अशी भीती सरकारला वाटली. वरिष्ठ सरकारला हा निर्णय पसंत पडला नाही, आणि १८५८ मध्ये मुंबई सरकारला जाहीर करावे लागले की, ज्या शाळांचा संपूर्ण खर्च सरकार करते त्या सर्व वर्गांना खुल्या राहतील. जाहीर झाले; पण गावोगावच्या गुरुजींनी ते पाळले असे नाही. त्या धारवाडच्या मुलाने शाळेत एक जागा मागितली नव्हती, एका रजिस्टरात एक ओळ मागितली होती. तेवढ्या एका ओळीसाठी दोन वर्षे वरपर्यंत पत्रव्यवहार झाला.

येथे एक सावधगिरीची सूचना करणे मला अवश्य वाटते. पटावर नाव चढणे हे नेहमीच मानाचे असते असे नाही. काही पट माणसाला उभे करतात, काही त्याला बांधून टाकतात. १३८१ साली इंग्लंडमधील कुळांनी बंड केले तेव्हा त्यांनी जमीनदारांच्या कचेऱ्यांतील गुंडाळ्या शोधून शोधून जाळल्या. त्या गुंडाळ्यांत त्यांची वेठ लिहिलेली होती : अमक्याने इतके दिवस फुकट नांगरावे, तमक्याने मुलीच्या लग्नासाठी मालकाला पैसे द्यावेत. आपल्या देशात १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने असाच एक पट तयार केला. ज्या जमातींची नावे त्यात घातली गेली, त्यांतील माणसांना बोटांचे ठसे द्यावे लागत, ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे, परवानगीवाचून गाव सोडता येत नसे. पारधी, कैकाडी, भामटा या आपल्या बांधवांच्या आजोबा-पणजोबांनी हे सोसले. जन्माला आलेले मूल काही गुन्हा करण्यापूर्वीच रजिस्टरात गुन्हेगार होत असे. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. आणि महारकीचे वतन म्हणजे तरी काय होते? गावच्या दप्तरात नाव होते, ते राबण्यासाठी. मर्तिकाचा सांगावा घेऊन पंचक्रोशीत धावायचे, सरकारी माणसाचा घोडा धरायचा, सरकारी सारा पोहोचवायचा. बाबासाहेबांनी १९२८ पासून या वतनाविरुद्ध विधिमंडळात आवाज उठविला. ते कायद्याने संपण्यास १९५८ चा कनिष्ठ गाव वतने नष्ट करणारा कायदा यावा लागला.

खानदेशात याच्या उलट घडलेले एक उदाहरण आहे. १८२५ साली जेम्स आउट्रम या इंग्रज अधिकाऱ्याने सातपुडा आणि सातमाळा येथील भिल्लांची एक पलटण उभारली. तिचे ठाणे धरणगाव येथे होते, जे आज जळगाव जिल्ह्यात आहे. ज्या भिल्लांना कालपर्यंत बंडखोर म्हणून डोंगरांतून हुसकून लावले जात होते, त्यांतीलच माणसे पलटणीच्या रोलवर चढली आणि सरकारी पगारी शिपाई झाली. यात इंग्रजांचा परोपकार नव्हता. डोंगर शांत करण्याचा तो त्यांना स्वस्त पडलेला उपाय होता. परंतु आपल्या विषयापुरता धडा असा की, तोच माणूस एका यादीत शत्रू असतो आणि दुसऱ्या यादीत शिपाई. सैन्याच्या रोलशी आपलाही फार जुना संबंध आहे. मुंबई इलाख्याच्या पलटणींत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. सुभेदार रामजी सकपाळ त्यांपैकीच. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारने महारांची भरती बंद केली, तेव्हा गोपाळबाबा वलंगकर यांनी अर्ज लिहिले आणि आमची नावे पुन्हा घ्या म्हणून दाद मागितली. पहिल्या महायुद्धात एक पलटण काढली गेली, ती युद्धानंतर मोडली. शेवटी महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ साली बेळगावात. जवळजवळ ५० वर्षे हा समाज एका रोलच्या बाहेर उभा होता. कारण रोलच्या आत पगार, पेन्शन आणि मुलांना शाळा होती.

आता मतदारांच्या पटाकडे येतो. १९३५ च्या कायद्याखाली मत देण्याचा अधिकार मालमत्ता, कर किंवा शिक्षण पाहून मिळे. पुणे करारानुसार राखीव जागांसाठी आधी एक प्राथमिक निवडणूक व्हायची आणि तीत दलित वर्गातील फक्त तीच माणसे मत देऊ शकत, ज्यांचे नाव सर्वसाधारण मतदार यादीत आधीच चढले असेल. म्हणजे हक्क कराराने मिळाला तरी तो बजावण्याची किल्ली यादीत होती. त्याच १९३७ साली निवडणुका झाल्या, स्वतंत्र मजूर पक्ष निवडून आला, आणि ३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब एका खटल्याच्या कामी धुळ्याच्या न्यायालयात आले. ते लळिंगच्या किल्ल्यावरील लांडोर बंगल्यात उतरले होते. दर ३१ जुलैला आपण तेथे जातो. पुढच्या वेळी जाल तेव्हा एवढे ध्यानात ठेवा की, त्या दिवशी ते धुळ्याच्या न्यायालयात उभे राहू शकले ते एका रोलच्या बळावर. १९२२ साली ते ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले होते आणि पुढील वर्षी त्यांनी मुंबई हायकोर्टात वकिलीला आरंभ केला. आपण ज्याला ‘सनद’ म्हणतो तिलाच इंग्रजीत एन्‌रोलमेंट म्हणतात.

पुढे त्यांनीच मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून ज्या घटनेला आकार दिला, तिच्या ३२५ व्या अनुच्छेदाने सांगितले की, प्रत्येक मतदारसंघासाठी एकच सर्वसाधारण मतदार यादी असेल आणि धर्म, वंश, जात किंवा लिंग यांच्या कारणावरून कोणालाही तीत येण्यास मज्जाव करता येणार नाही. ३२६ व्या अनुच्छेदाने प्रत्येक प्रौढाला मत दिले. वयाची अट तेव्हा २१ होती, १९८९ पासून १८ झाली. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीच्या यादीत सुमारे १७ कोटी ३२ लाख नावे होती. जगाने तोवर एवढी मोठी यादी पाहिली नव्हती. आणि या यादीतून सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे गळली. का? उत्तरेकडील प्रांतांत यादी करणारा दारात आला तेव्हा त्यांनी स्वतःचे नाव सांगितले नाही. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढेच सांगितले. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नावे यादीत ठेवण्यास नकार दिला. काहींना तो कठोरपणा वाटला. मला तो योग्य वाटतो, कारण पुढील निवडणुकीपर्यंत त्यातल्या पुष्कळ स्त्रियांनी आपापली नावे घातली.

धर्माच्या नोंदीबद्दल आता बोलतो. या मेळाव्यातील पुष्कळ कुटुंबांची खरी अडचण तेथेच आहे.

१९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशात बौद्धांची संख्या अडीच हजारांच्या आसपास होती. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला दीक्षा झाली. १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील बौद्धांची संख्या २७ लाख ८९ हजार ५०१ झाली. २०११ साली ती ६५ लाख ३१ हजारांवर होती. हे आकडे आपण अभिमानाने सांगतो. परंतु जनगणना आणि पटावर घेणे या दोन भिन्न क्रिया आहेत, आणि त्यांची गल्लत झाल्याने पुष्कळांचे नुकसान होते. जनगणना माणसे मोजते. १९४८ च्या जनगणना कायद्याने तिचे कागद कोणाला पाहता येत नाहीत आणि न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाहीत. तेथे ‘बौद्ध’ सांगणे हे आपले कर्तव्य आहे, कारण प्रगणक आपण सांगू तेच लिहितो. केंद्र सरकारने जून २०२५ मध्ये पुढील जनगणनेची अधिसूचना काढली आहे. तिचा संदर्भदिन १ मार्च २०२७ आहे आणि तीत जातीचीही नोंद होणार आहे. धर्म बौद्ध आणि अनुसूचित जात महार, मांग किंवा जी असेल ती, अशा दोन वेगळ्या उत्तरांत कायद्याने आता कोणताच विरोध राहिलेला नाही.

‘आता’ हा शब्द मी जपून वापरला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असला पाहिजे असे ठरविले होते. काही शीख जातींचा अपवाद होता, १९५६ मध्ये तो सर्व शिखांना लागू झाला. बौद्धांचा समावेश होण्यास १९९० उजाडले. मधली ३४ वर्षे दीक्षा घेतलेल्या माणसाला केंद्राच्या सवलतींसाठी अनुसूचित जातीचे समजले जात नव्हते. महाराष्ट्राने राज्य झाल्यावर आपल्यापुरत्या सवलती दिल्या, परंतु केंद्राच्या नोकरीची आणि शिष्यवृत्तीची वाट बंद राहिली. त्या काळात पुष्कळ घरांत भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर ‘हिंदू-महार’ होते. त्या आईबापांना आज कोणी भेकड म्हणत असेल तर तो अन्याय आहे. त्यांच्यापुढे दोन पट ठेवले होते आणि दोन्हींवर एकदम नाव घालण्याची कायद्याने बंदी होती. ज्यांनी ‘बौद्ध’ असे लिहून शिष्यवृत्ती सोडली त्यांचा त्याग मोठा, हे खरे. पण ज्यांनी ती सोडली नाही त्यांच्या घरी शिकलेली मुलेच पुढे विहारांच्या वर्गण्या देऊ लागली, हेही खरे.

याचा आजचा परिणाम असा की, जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी यांसाठी जुनी नोंद लागते. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा विचारला जातो, आणि दीक्षेपूर्वी घराणे कोणत्या जातीचे होते हे दाखवावे लागते. मुलाच्या, बापाच्या सर्व कागदांवर नुसते ‘बौद्ध’ असेल तर आजोबा-पणजोबांची नोंद शोधावी लागते. ती कोठे मिळते? प्राथमिक शाळेच्या जुन्या दाखल-खारीज रजिस्टरात, आणि तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षातील गाव नमुना १४ मध्ये, ज्याला लोक ‘कोतवाल बुक’ म्हणतात. त्यात गावातील जन्म आणि मृत्यू लिहिलेले असतात. जुनी पाने पुष्कळदा मोडीत असतात. मोडी वाचणारा माणूस जळगावात आणि धुळ्यात शोधला तर मिळतो. ज्या महाराच्या पायांनी मर्तिकाचा सांगावा पंचक्रोशीत फिरला, त्याच्या नातवाचा हक्क आज त्याच मर्तिकांच्या वहीतील एका ओळीवर अवलंबून राहावा, ही इतिहासाची गंमत म्हणायची की क्रूरपणा, हे आपणच ठरवा.

रोल या शब्दाचे आणखी एक अपत्य आहे, ते येथे सांगितल्यावाचून चालणार नाही. इंग्रजीतील ‘कंट्रोल’ हा शब्द आपण सारे जाणतो. कंट्रोलच्या धान्यासाठी आपल्या आयांनी रांगा लावल्या आहेत. हा शब्द ‘काँत्र-रोल’ असा आहे, म्हणजे समोरचा पट, प्रतिपट. राजाच्या खजिन्यात एक गुंडाळी लिहिली जाई, त्याच वेळी तिची दुसरी प्रत दुसऱ्या अधिकाऱ्याकडे लिहिली जाई. पहिल्याने आकडा बदलला तर दुसऱ्याची गुंडाळी त्याला पकडी. यावरून ताबा ठेवणे, तपासणे या अर्थी कंट्रोल रूढ झाला. तेव्हा आपल्याविषयी सरकारी रजिस्टरात जे लिहिले आहे त्याची शिक्क्याची नक्कल आपल्या घरच्या पेटीत असणे म्हणजे शब्दशः कंट्रोल. आपण मात्र मूळ प्रत एजंटाच्या हवाली करतो आणि नकलेसाठी वर्षानुवर्षे खेटे घालतो. रजिस्टर भिजते, वाळवी लागते, शाळा दुसऱ्या इमारतीत जाते. एखाद्या गावात कोण कारकून होता नि त्याने काय केले, हे सांगत बसण्यापेक्षा नक्कल वेळेवर काढणे अधिक बरे.

नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबांसाठी काही सांगतो. धर्मबदलाची जाहिरात महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात देता येते. तिची प्रत जपून ठेवा. मुलाच्या शाळेच्या नोंदीत चूक असेल तर मूल त्या शाळेत शिकत आहे तोवरच दुरुस्तीचा अर्ज मुख्याध्यापकांकडे द्या. शाळा सोडल्यावर ती दुरुस्ती फार दुर्घट होते. मूल जन्मले की २१ दिवसांच्या आत नोंद करा. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलासाठी शाळाप्रवेशापासून मतदार यादीपर्यंत जन्माचा दाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा धरला जातो. तरीही जन्माचा दाखला नाही म्हणून कोणी मुलाला शाळेच्या पटावर घेण्यास नकार देत असेल तर त्याला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे १४ वे कलम दाखवा. वयाचा पुरावा नाही एवढ्यावरून प्राथमिक शिक्षणासाठी प्रवेश नाकारता येत नाही. धारवाडच्या मुलाजवळ हे कलम नव्हते.

आणि भगिनींनो, आता आपल्याविषयी. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग बापाचे आणि शेवटी आडनाव असा क्रम महाराष्ट्र शासनाने घालून दिला आहे. जन्माची नोंद करायला बाप एकटाच गेला तर आईचे नाव घाईत, टोपणनावाने, चुकीच्या अक्षरांनी पडते. म्हणून जाताना आपला दाखला सोबत द्या. लग्न होऊन सासरी आलेल्या मुलींची नावे मतदार यादीतून फार गळतात. माहेरच्या गावी ‘स्थलांतरित’ म्हणून नाव वगळले जाते आणि सासरी कोणी घातलेले नसते. पहिल्यांदाच नाव घालायचे असेल तर नमुना ६ आणि एका पत्त्यावरून दुसऱ्या पत्त्यावर हलवायचे असेल किंवा नावातील चूक दुरुस्त करायची असेल तर नमुना ८ भरावा. १८ वर्षे पूर्ण होण्यासाठी आता वर्षाला चार तारखा धरतात : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. दोन्ही नमुने मतदान केंद्राच्या अधिकाऱ्याकडे, म्हणजे बहुधा आपल्याच गावच्या गुरुजींकडे किंवा अंगणवाडी सेविकेकडे, मिळतात. भरलेल्या नमुन्याची पोच मागून घ्या आणि प्रारूप यादी लागली की ग्रामपंचायतीच्या भिंतीपाशी जाऊन आपले नाव स्वतः वाचा.